हेवीचं लायसन्स काढतोय, ट्रायलची तयारी कशी करू?

विक्रोळीचा_टेम्पो
नमस्कार मंडळी. मी छोटा हत्ती चालवतो, बहुतेक मशीद बंदर ते भिवंडीची गोदामं. मामांनी कळंबोलीला जुनी दहा चाकी घेतली आहे. ड्रायव्हर टिकत नाहीत, म्हणून माझ्यामागे लागलेत की तूच हेवी काढ. गाडी चालवायची भीती नाही. पण एवढं मोठं धूड आरटीओच्या माणसासमोर मागे घ्यायचं म्हटलं की पोटात गोळा येतो.

ज्यांनी काढलंय त्यांनी सांगा: कागद काय लागतात, ट्रायलला काय करून दाखवावं लागतं, आणि सराव कुठे व कशावर करावा? एक एजंट म्हणतो, "तू फक्त एक चक्कर मार, बाकी मी बघतो." त्याच्या नादी लागायचं नाही, म्हणून इथे विचारतोय.

वकिली_डोकं
कागदाचं मी सांगतो, गाडीचं जाणकार सांगतील.

मोटार वाहन कायदा १९८८ प्रमाणे ट्रान्सपोर्ट वाहन चालवायला वय किमान २० पाहिजे, आणि हलक्या वाहनाचं पक्कं लायसन्स हातात येऊन किमान एक वर्ष झालेलं पाहिजे. तुझं दोन्ही झालेलं दिसतंय. मग ट्रान्सपोर्टचं लर्निंग काढायचं. अर्ज 'सारथी' या सरकारी वेबसाइटवर. लर्निंग सहा महिने चालतं आणि ते मिळाल्यापासून ३० दिवस झाल्याशिवाय पक्क्याची ट्रायल देता येत नाही. डॉक्टरचं प्रमाणपत्र फॉर्म १-ए वर लागतं. ट्रान्सपोर्टला ते वय कितीही असो, सक्तीचंच. त्यात एक तपासणी अशी की चांगल्या उजेडात २५ मीटरवरून गाडीची नंबरप्लेट वाचता आली पाहिजे. चष्मा असेल तर आधीच नंबर तपासून घे.

आणि मोटार ट्रेनिंग स्कूलचा फॉर्म ५, म्हणजे शिकवल्याचं प्रमाणपत्र. मारुती-स्विफ्टवाल्यांना तो नसला तरी चालतं, ट्रान्सपोर्टला नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला नियम ३१ काढून वाच. हेवीचं शिक्षण किमान ३० दिवसांचं आणि त्यात प्रत्यक्ष स्टिअरिंगवर किमान १५ तास, असं तिथे लिहिलंय. 'पैसे द्या, फॉर्म घेऊन जा' म्हणणारी स्कूल भेटेल तर उलट्या पावली परत फिर.

पनवेलकर
आठवी पासचा दाखला लागतो ना? माझ्या चुलत भावाला त्याच्यामुळेच परत पाठवलं होतं.

वकिली_डोकं
पनवेलकर, ती अट २०१९ साली काढली. भावाची गोष्ट त्याआधीची असणार. फक्त ज्वालाग्राही किंवा घातक माल न्यायचा असेल तर लिहिता-वाचता येण्याची अट अजून आहे, ती वेगळी भानगड.

चुनाभट्टी_एक्सप्रेस
सगळं बरोबर, पण मुळात हेवी लागतं का ते आधी बघा. कोर्टाने सांगितलंय ना की कारच्या लायसन्सवर ट्रक चालतो?

वकिली_डोकं
अर्धवट ऐकून लोक गाड्या घेऊन निघतात ते यामुळेच. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ ला जे सांगितलं ते एवढंच, की हलक्या वाहनाच्या लायसन्सवर ७५०० किलोपर्यंत एकूण वजनाचं ट्रान्सपोर्ट वाहन चालवता येतं, त्यासाठी वेगळा शेरा लागत नाही. २०१७ च्या निकालातही हेच होतं, त्यावर शंका काढली गेली म्हणून प्रकरण मोठ्या पीठाकडे गेलं. विक्रोळीचा छोटा हत्ती त्यात बसतो. दहा चाकी कुठून बसणार? १२००० किलोच्या वर गेलं की ते अवजड मालवाहू. दहा चाकीचं भरल्या गाडीचं वजन २०१८ च्या वाढीनंतर २८.५ टनांपर्यंत जातं. त्यावर कारचं लायसन्स घेऊन बसलास आणि काही झालं, तर विमा कंपनी नुकसानभरपाई मामांकडून वसूल करायला येईल.

काकडवाडीचा_काका
मी बेस्टमधून निवृत्त. आयुष्य बसवर गेलं, पण ट्रकही चालवलाय. बाळा, तुला ट्रायलची भीती वाटतेय ती रिव्हर्सची. रिव्हर्स शिकता येतो. त्याआधी दोन गोष्टी डोक्यात बसव, एक शेपूट आणि दुसरी हवा.

शेपटीचं आधी. छोट्या हत्तीला मागच्या चाकामागे फार काही नसतं. दहा चाकीला मागच्या चाकांच्या पुढे लांबलचक पोट आणि चाकांच्या मागे हौद्याचा सुटा, अधांतरी भाग. नियमाने हा सुटा भाग व्हीलबेसच्या, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधल्या अंतराच्या, ६० टक्क्यांपर्यंत असू शकतो. तू डावीकडे वळलास की तो सुटा भाग उजवीकडे फेकला जातो. शेजारच्या लेनमध्ये रिक्षावाला निवांत उभा असतो, त्याला कळतही नाही की ट्रकचा फाळका आपल्या टपाला लागणार आहे. आणि त्याच वेळी डावीकडची मागची जोडटायरं आत कापत येतात, फुटपाथच्या कोपऱ्यावर चढतात. म्हणजे एकाच वळणावर एका बाजूला गाडी आत येते आणि दुसऱ्या बाजूला बाहेर जाते. टेम्पोवाला कारसारखा वळतो, नाक कोपऱ्याशी आलं की स्टिअरिंग फिरवतो. ट्रकमध्ये नाक पुढे जाऊ द्यायचं. कोपरा तुझ्या खांद्याच्या मागे गेला की मग फिरवायचं. फिरवलं की नजर डाव्या आरशात, जोडटायरं कुठून चाललीत ते बघत. एकदा उजव्या आरशातही बघ, शेपूट कुठे आहे ते.

आता मुंबईत डाव्या बाजूची वेगळीच कटकट. सिग्नलला तू डावीकडे वळायला थोडा उजवीकडे सरकलास, की मोकळी झालेली जागा दुचाकीवाले भरून टाकतात. कॅबच्या डाव्या दाराखाली, पुढच्या चाकाला लागून उभा असलेला माणूस आरशातही दिसत नाही. त्यामुळे सिग्नल हिरवा झाला म्हणून लगेच क्लच सोडायचा नाही. क्लीनरला डाव्या खिडकीतून मान बाहेर काढायला लाव. क्लीनर नसेल तर स्वतः सीटवरून पुढे वाकून बघ. कंटाळा आला तरी बघ.

हवेचं नंतर लिहितो, जेवायला हाक मारतायत.

विक्रोळीचा_टेम्पो
काका, हे कोणी सांगितलंच नव्हतं. वाट बघतो.

भांडुपची_वहिनी
आमच्या घरची वाहतूक आहे. सासरे गेल्यावर मी हेवी काढलं आणि आता गरज पडली की चालवते. ट्रायलबद्दल मी लिहिते, कारण इथल्या बहुतेकांनी ट्रायल दिली तेव्हा राजेश खन्ना चालू असेल 🙂

दाखवायचं काय, ते त्याच केंद्रीय नियमांतल्या नियम १५ मध्ये लिहिलेलं आहे आणि साहेब त्यातलं काहीही विचारू शकतात. सुरुवात गाडी चालू करण्याआधीच होते. सीटवर नीट बसलात का, आरसे लावलेत का, गाडी न्यूट्रलमध्ये आहे का हे बघितलं का. मला वाटतं निम्मे लोक इथेच घाई करतात. चढून बसले की किल्ली फिरवतात. मग सरळ जाऊन एकेक गियर चढवत वरपर्यंत नेणं आणि पुन्हा पटापट खाली आणणं. चढावावर थांबवून, मागे न घसरता पुन्हा निघणं. वळताना आधी आरसा, मग इंडिकेटर. मागे घेऊन अरुंद तोंडात घालणं. पुढे-मागे करून गाडी उलट्या दिशेला तोंड करून उभी करणं. अचानक थांबवणं. झेब्रा क्रॉसिंगवर माणूस असेल तर थांबणं. आणि हो, नियमात शिष्टाचारसुद्धा आहे, दुसऱ्याला जागा देणं वगैरे. त्यामुळे मध्ये कुणी आलं तर हॉर्न बडवू नका, थांबा.

गाडी आपली आपण न्यायची असते. त्याच प्रकारची पाहिजे, म्हणजे हेवीच्या ट्रायलला छोटा हत्ती चालत नाही. बहुतेक जण स्कूलची गाडी नेतात. माझा सल्ला, निदान शेवटचे काही दिवस ज्या गाडीवर ट्रायल द्यायची तिच्यावरच सराव करा. प्रत्येक ट्रकचा क्लच वेगळ्या जागी धरतो.

डबलक्लच
स्कूलच्या गाड्या म्हणजे बहुतेक शाळा सोडल्याचा दाखला घेतलेल्या! सिंक्रोमेश, म्हणजे गियर अलगद जुळवणारा भाग, घासून गेलेला. तिथे डबल क्लच येत नसेल तर गियर किंचाळतो आणि साहेबांचं कपाळ चढतं. शिकून घे. क्लच दाब, गियर काढून न्यूट्रल, क्लच सोड, पुन्हा दाब, पुढचा टाक. खाली उतरवताना मधल्या न्यूट्रलमध्ये थोडा ॲक्सिलरेटर दे.

नवा_ड्रायव्हर_कल्याण
काका, आजकालच्या गाड्यांना डबल क्लच लागत नाही. उगाच पोराला घाबरवू नका.

डबलक्लच
मी काका नाही, चाळिशीच आहे. नव्या गाडीला लागत नाही हे खरं. मामांची गाडी जुनी आहे असं त्यानेच लिहिलंय. भरल्या गाडीला उतारावर खालचा गियर जाईना झाला की तेव्हा काय यूट्यूब उघडणार?

भांडुपची_वहिनी
दोघंही बरोबर. गाडीवर बसून बघ, गियर कुरकुर न करता जात असेल तर सोडून दे. न जात असेल तर शिक. पुढे.

काकडवाडीचा_काका
हवा.

तुझ्या टेम्पोचा ब्रेक तेलावर आहे, पाय दाबला की लगेच पकडतो. ट्रकचा ब्रेक हवेवर. इंजिनच्या कॉम्प्रेसरने टाकीत हवा भरते, पाय दाबला की ती हवा चाकापर्यंत जाते आणि मग ब्रेक लागतो. त्यात पापणी लवण्याएवढा उशीर आहे आणि तो उशीर तुझ्या पायाला माहीत व्हायला हवा. सकाळी गाडी चालू केल्यावर डॅशबोर्डवरचा हवेचा काटा वर येईपर्यंत आणि बजर थांबेपर्यंत गाडी हलवायची नाही. कितीही घाई असो.

पार्किंग ब्रेक याच्या उलट चालतो. तिथे चाक दाबून धरणारी स्प्रिंग आहे आणि हवा तिला मागे खेचून धरते. म्हणून हवा संपली की मागची चाकं आपोआप जाम होतात. जोगेश्वरीच्या पुलावर मध्येच थांबलेला ट्रक दिसतो आणि लोक ड्रायव्हरला शिव्या घालतात ना, त्यातल्या बऱ्याच गाड्यांची कुठेतरी पाइपाची हवा गेलेली असते. टाकीत रात्रभर पाणी जमतं, विशेषतः आपल्या दमट हवेत. खालचा व्हॉल्व्ह ओढून ते रोज काढायचं.

आणि ब्रेक पंपासारखा सारखा दाबायचा नाही. प्रत्येक दाबाला हवा खर्च होते आणि परत भरायला वेळ लागतो. एकदा दाब, धर, कमी-जास्त कर.

चढावाच्या ट्रायलला हेच कामाला येतं. पार्किंग ब्रेक लावलेला, अर्धा क्लच आला की गाडीचं नाक किंचित दबतं, इंजिनचा आवाज जड होतो. तेव्हा ॲक्सिलरेटर थोडा वाढवून पार्किंगचा लिव्हर सोड. फुस्स आवाज येईल आणि गाडी निघेल. लिव्हर आधी सोडून मग क्लच शोधायचा नाही. मुंबईत लोक फ्लायओव्हरवर चढावाचा सराव करायला जातात, ते करू नकोस. मागे बस असते. मामांच्या यार्डात रॅम्प असेल तर तिथे कर.

सायन_ते_खोपोली
काका, सलाम. यात उताराचं जोडतो. घाटात ज्या गियरवर चढलात त्याच गियरवर उतरा, असं जुने ड्रायव्हर सांगतात आणि बोरघाटासाठी ते आजही खरं आहे. एक्झॉस्ट ब्रेक (इंजिनचा धूर अडवून गाडी मंदावणारा) असेल तर तो वापरा, पायाचा ब्रेक वाचवून ठेवा. सतत पाय दाबून उतरलं की ब्रेकचा ड्रम तापतो, त्याला आतून घासणारा लाइनर पकडत नाही, जळका वास येतो. न्यूट्रल टाकून डिझेल वाचवणाऱ्यांबद्दल तर बोलायलाच नको. इंजिनची ओढ गेली की २८ टन फक्त लाइनरवर. नियम १५ मध्ये उतारावर पटकन खालचा गियर टाकता येतो का हेही तपासायचं असतं, बरं का. मुंबईत ट्रायलला घाट कुठून आणणार, ते सोडा. पण तयारी त्याचीसुद्धा करा.

चुनाभट्टी_एक्सप्रेस
सराव कुठे करावा हा त्याचा मूळ प्रश्न राहिलाच. वडाळा ट्रक टर्मिनलच्या आसपास पहाटे?

सायन_ते_खोपोली
वडाळ्याला गाड्या उभ्या असतात, जागा कमी आणि माणसं गाड्यांखाली झोपलेली. नको. कळंबोलीत मामांची गाडी आहेच, तिथे रविवारी दुपारी स्टील मार्केटच्या आतल्या रस्त्यांवर वर्दळ कमी असते. रुंदीचा अंदाज तिथे घे. ट्रक २.६ मीटरपर्यंत रुंद असतो, आपली साधी कार पावणेदोन. हा फरक डोक्याने कळून उपयोग नाही, अंगाला कळावा लागतो. दोन ड्रम ठेवून त्यांच्यामधून आधी सरळ, मग मागे. घाईत नाही, पहिल्या गियरवर, क्लचवर.

वकिली_डोकं
थांबा. सरावाबद्दल एक फार महत्त्वाचं.

लर्निंगवर चालवताना शेजारी हेवीचं चालू लायसन्स असलेला माणूस बसलेला पाहिजे, गाडी थांबवू शकेल अशा जागी. आणि पुढे-मागे पांढऱ्यावर लाल 'एल'. प्लेट १८ सेंटीमीटर चौरसाहून लहान नको. दुचाकीवाले चिकटवतात ती चिमुकली स्टिकर नाही.

याहून महत्त्वाचं म्हणजे मामांच्या विम्याची पॉलिसी काढून 'ड्रायव्हर क्लॉज' वाच. मालवाहू गाडीच्या पॉलिसीत साधारणपणे असं असतं की लर्निंगवाल्याने गाडी चालवली तर चालेल, पण अपघाताच्या वेळी गाडी माल वाहत नसली पाहिजे. म्हणजे सराव रिकाम्या गाडीवरच. मामा म्हणतील "चल, तळोज्याची एक फेरी मारू, शिकशील पण आणि भाडंही निघेल", तर त्यांना हे वाचून दाखव.

विक्रोळीचा_टेम्पो
वकीलसाहेब, मामा हेच म्हणाले होते. शब्दशः. फक्त तळोजा नाही, खोपोली म्हणाले होते.

नवा_ड्रायव्हर_कल्याण
😂😂

भांडुपची_वहिनी
आता खरी अडचण बघा. सराव रिकाम्या गाडीवर, ट्रायलही रिकाम्या गाडीवर. पास झालात की दुसऱ्या दिवशी मालक भरलेली गाडी देणार. आणि रिकामी गाडी नि भरलेली गाडी या दोन वेगळ्या गाड्या आहेत. माझं मत विचाराल तर या धाग्यावर ट्रायलपेक्षा जास्त यावरच बोललं पाहिजे.

रिकाम्या ट्रकचा ब्रेक भरल्या वजनासाठी बनवलेला असतो. मागे वजन नसताना जोरात दाबला की मागची चाकं जाम होऊन घसरतात, पावसात तर जास्तच. म्हणून शिकताना तुमचा पाय हलका होतो. हलका पाय घेऊन तुम्ही भरल्या गाडीवर बसता आणि ती थांबतच नाही. तेवढ्याच दाबाने. पहिल्यांदा भरलेली गाडी सिग्नलला थांबवताना मला वाटलं ब्रेक गेला. ब्रेक ठीक होता, वजन मला माहीत नव्हतं.

वळणावर तसंच. रिकामी गाडी स्प्रिंगच्या पाट्यांवर उड्या मारते पण झुकत नाही. उंच भरलेली गाडी वळणाच्या बाहेरच्या बाजूला झुकते आणि ते कॅबमध्ये जरा उशिराच जाणवतं. निघतानाही दुसऱ्या गियरवर उचलायची सवय रिकाम्या गाडीने लागलेली असते, भरलेलीला ती क्लच जाळते.

म्हणून मी काय केलं, पास झाल्यावर लगेच एकटी निघाले नाही. आमच्या जुन्या ड्रायव्हरदादांना शेजारी बसवलं. त्यांनी गाडी अर्धीच भरायला लावली. रस्ता मोकळा बघून त्यांनी मला पुन्हा पुन्हा एकाच खुणेच्या खांबाशी थांबायला लावलं, रिकामी असताना, अर्धी असताना, पूर्ण भरल्यावर. प्रत्येक वेळी ब्रेक कुठून लावायला लागला ते बघायला. त्यांच्याइतकं मला कुठल्याच स्कूलने शिकवलं नाही. बोलायचे मात्र अजिबात गोड नाही.

काकडवाडीचा_काका
वहिनींनी लाखातलं लिहिलं. आमच्याकडे भरलेली बस म्हणजे माणसं, ती निदान स्वतः दांडा धरतात. माल काही धरत नाही.

पनवेलकर
एजंटचं काय ठरलं शेवटी? माझ्याकडेही एकजण मागे लागला होता. फी त्याने अशी सांगितली की वाटलं ट्रकच विकतोय.

वकिली_डोकं
फी सांगतो, म्हणजे तुलना करता येईल. केंद्राने ठरवलेले दर २०१६ च्या डिसेंबरपासूनचे: लर्निंग १५०, ट्रायल ३००, लायसन्सवर नवा प्रकार जोडायला ५००, कार्डाचे २००. याच्या आसपास सरकारी खर्च. बाकी स्कूलची फी, ती गाडी आणि डिझेलवर अवलंबून, आणि ती द्यावी. त्यात शिकवलं जातंय ना एवढं बघावं.

नापास झालास तर सात दिवसांनी पुन्हा देता येते. तीनदा नापास झालास तर शेवटच्या ट्रायलपासून ६० दिवस थांबावं लागतं. एजंट याच भीतीवर जगतात. सात दिवस काही फार नाहीत.

डबलक्लच
आणखी एक रस्ता आहे. मान्यताप्राप्त ड्रायव्हर ट्रेनिंग सेंटर, २०२१ चा नियम. तिथून हेवीचा पूर्ण कोर्स, ३८ तास, सहा आठवड्यांत, करून परीक्षा पास झालं तर आरटीओची ट्रायल माफ. ट्रॅक, सिम्युलेटर वगैरे असतं. साधी स्कूल म्हणजे असं सेंटर नव्हे, मान्यता आहे का ते विचारून घे. पुण्याजवळ भोसरीला सीआयआरटी ही रस्ते वाहतुकीची संस्था आहे, तिथे तर ड्रायव्हर ट्रेनिंगचं काम बऱ्याच काळापासून चालतं. पण विक्रोळीहून सहा आठवडे भोसरीला राहायचं म्हणजे टेम्पोचा धंदा बुडाला. तुझं तू बघ.

विक्रोळीचा_टेम्पो
धंदा बंद ठेवून जमणार नाही. टेम्पोचा हप्ता आहे. ठाण्यात एक स्कूल बघितली, त्यांची स्वतःची ट्रक आहे आणि शिकवणारे काका स्वतः शेजारी बसतात. सकाळी सहाचा स्लॉट. फॉर्म भरला. लर्निंग झालंय.

एक शंका. पक्कं झालं की मामा पुढेमागे माहुलचे टँकर घेणार म्हणतात, पेट्रोल-डिझेलचे. त्याला हेच लायसन्स चालेल ना?

वकिली_डोकं
नाही. घातक मालासाठी नियम ९. ट्रान्सपोर्ट लायसन्स तर पाहिजेच, शिवाय तीन दिवसांचा कोर्स करून लायसन्सवर त्याचा शेरा घ्यायचा. तो शेरा असलेलं लायसन्स तीन वर्षं चालतं, आणि नूतनीकरणाच्या वेळी एक दिवसाचा उजळणी कोर्स. साधं ट्रान्सपोर्ट पाच वर्षं चालतं, २०१९ च्या आधी तीन होतं. तुझ्या कार्डावर दोन तारखा येतील, एनटी म्हणजे घरगुती गाडीची आणि टीआर म्हणजे ट्रान्सपोर्टची. लोक एनटीची लांबची तारीख बघून निवांत बसतात आणि टीआर कधीच संपलेली असते. संपल्यावर वर्षाच्या आत नूतनीकरण केलं नाही तर पुन्हा ट्रायल.

सायन_ते_खोपोली
टँकरची घाई करूच नकोस. अर्धा भरलेला टँकर ब्रेक लावल्यावर पुन्हा आतून ढकलतो, तेल पुढे येऊन आदळतं. टाकीत आडवे पडदे असतात तरी ढकलतोच. आधी सुका माल.

विक्रोळीचा_टेम्पो
मंडळी, पास झालो. साहेबांनी चढावावर थांबवलं, मागे घ्यायला लावलं, आणि गाडीतून उतरण्याआधी विचारलं की हवेचा काटा किती आला की निघायचं. उत्तर आलं, काका! रिव्हर्सला एकदा थांबून, पुढे घेऊन, परत सरळ केली. साहेब काही बोलले नाहीत.

भांडुपची_वहिनी
अभिनंदन! पुढे घेऊन सरळ केलीस ते उत्तम केलंस. ठोकण्यापेक्षा थांबणं कधीही बरं. आता पहिला माल कुठला?

काकडवाडीचा_काका
शाब्बास बाळा. पेढे राहिले.

विक्रोळीचा_टेम्पो
मामा म्हणतात स्टीलची कॉईल, पत्र्याची जड गुंडाळी. कळंबोलीतूनच, चाकणला.

सायन_ते_खोपोली
अरे देवा. पहिल्याच फेरीला कॉईल, तीही घाटातून? ब्रेक मारला आणि बांधणी सैल असली तर कॉईल कॅबच्या दिशेने येते. मामांना सांग, आधी पोत्यांचा माल दे. गोण्या, खत, साखर, काहीही जे हौद्यात पसरून बसतं. आणि घाटाच्या अलीकडे, पनवेल-उरण भागातच.

वकिली_डोकं
मामांना या धाग्याची लिंक पाठव.

विक्रोळीचा_टेम्पो
पाठवली. त्यांनी वाचली. म्हणाले, "हा वकील कोण आहे?" पण कॉईल पुढे ढकलली. गुरुवारी उरणला तांदळाच्या गोण्या आहेत, जुना ड्रायव्हर शेजारी बसणार आहे, अर्धी गाडी. वहिनी, खुणेचा खांब तिथेच शोधतो.